टेम्पो ट्रॅव्हलरमधी संसार मांडून जंगलात सेवा : जमण्यासारखं आहे का येडेपणा आहे?

निवृत्त_मास्तर (परभणी)
रामराम मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं काढून जूनमधी रिटायर झालो. पोरगी पुण्यात, पोरगा बेंगळुरात, घरी आम्ही दोघंच. मधी मोबाईलवर एका गोऱ्या नवरा-बायकोचा व्हिडिओ बघितला, दोघं साठीच्या पुढचे, घरासारखी गाडी घेऊन आफ्रिकेतल्या नॅशनल पार्काजवळ राहायलेत आणि वन्यप्राण्यांसाठी फुकट काम करायलेत. तवापासून डोक्यात किडा वळवळायलाय. ओळखीत एक बारा सिटांची टेम्पो ट्रॅव्हलर विकायला आहे, सिटं काढून दोन बेड, गॅस, बेसिन बसवायचं आणि डिसेंबर ते मे ताडोबाच्या गेटावर मुक्काम ठोकायचा असा विचार आहे. तिथं वनखातं लावून देईल ते काम करायचं, पैसे नकोत. मला तीन गोष्टी सांगा, असं कोणी कोणाला ठेवून घेतं का, गाडी उभी कुठं करायची, आणि तिसरा प्रश्न आमच्या मंडळींचा (बायकोचा) आहे, संडासचं काय.

चहा_कमी_साखर
तिसरा प्रश्न पहिला घ्या मास्तर.

उदगीरकर
मे महिन्यात, चंद्रपुरात, पत्र्याच्या गाडीत?? गाडीत राहायलात का तंदूरमधी. सकाळी वनरक्षक दार उघडल तर दोन रोट्या फुगलेल्या.

डिझेलवाला (वाळूज)
माझं हेच काम आहे म्हणून लांबड लावतो. पहिलं म्हणजे सिटं काढून आधी बेड ठोकायचे आणि मग आरटीओकडं जायचं असं करू नका. मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर परवानगी लागती आणि आरसीवर नोंद लागती. ती नाही केली आणि वाटेत कुठं ठोकली तर विमावाले हात वर करतात. ती गाडी टुरिस्ट परमिटची आहे का खाजगी, किती साल जुनी आहे हे पण बघा, स्वस्त मिळायलीय म्हणजे पंधरा वर्षाला टेकली असंल. दुसरं एसी. सगळ्यांना एसी पाहिजे असतो. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो, तुम्ही २०० एएचची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी टाकली तर तिच्यात सगळं मिळून २४०० वॅट-तास असतात, म्हणजे दोन तासात रामनाम सत्य. छतावर सोलार टाकला तरी तो दिवसा भरणार आणि तुम्हाला एसी लागणार रात्री. त्याच्यापेक्षा छताला आतून चांगलं इन्सुलेशन, वर एक हवा बाहेर फेकणारा पंखा, खिडक्यांना जाळ्या, आणि गाडी झाडाखाली. संडासला कॅसेटवाला पोर्टेबल मिळतो, खालची टाकी काढून न्यायची आणि रिकामी करायची. कोण रिकामी करणार हे मात्र लग्नाच्या आधी ठरवायचं असतं.

चहा_कमी_साखर
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं.

सातासमुद्रापार (मूळ लातूर)
इकडं अमेरिकेत हे सर्रास चालतं म्हणून लिहितो. नॅशनल पार्कांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे. बरीच रिटायर जोडपी मोटारहोम घेऊन येतात आणि कॅम्पग्राउंड होस्ट होतात. पार्क त्यांना गाडी लावायला जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी फुकट देतं, त्या बदल्यात आठवड्याला साधारण २० ते ३२ तास काम. माझे शेजारी दोन सीझन जाऊन आले. आता काम काय ते ऐका. शेकोटीच्या खड्ड्यातली राख काढणे, संडासात कागद आहे का बघणे, आणि दिवसभर लोकांना हात जोडून सांगणे की बाबांनो खाण्याचे डबे बाहेर ठेवू नका, अस्वल येतं. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी बायसन, एल्क वगैरेंपासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे, आणि लोक बायसनबरोबर सेल्फी काढायला जातात. शेजारी म्हणाले, दोन सीझनमध्ये प्राण्यांची सेवा म्हणशील तर एकदाच केली, एका बाईला हरणाला बिस्किट देताना अडवलं.
एक सावधगिरी, टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांना कोणी हे सुचवू नका, फुकट मिळालेली जागा मोबदल्यात धरली जाऊ शकते.

निवृत्त_मास्तर (परभणी)
राख आणि संडास तर शाळेत पण बघितले हो. त्याचं काही वाटत नाही.

किनवट_एक्सप्रेस
मास्तर, तुमच्या व्हिडिओतलं आणि आपल्याकडलं गणित वेगळं आहे. आफ्रिकेत क्रुगरसारख्या पार्कात लोक स्वतःची गाडी घेऊन आत फिरतात, आत कॅराव्हॅन लावायला कुंपण घातलेल्या जागा असतात. ताडोबाच्या कोअरमधी (आतल्या गाभ्याच्या जंगलात) तुमची गाडी घेऊन जाताच येत नाही, नोंदणी झालेली जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो, मंगळवारी बंद, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. अभयारण्यात विनापरवानगी रात्री थांबणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. म्हणजे गाडी उभी राहणार गेटाबाहेरच्या गावात, कोणाच्या तरी अंगणात. मोहर्ली, कोलारा तिकडं होमस्टेवाले आहेत, त्यांना भाडं देऊन लाइट-पाणी घ्या. रस्त्याच्या कडेला, नाल्यात, जांभळीखाली छान जागा दिसली म्हणून लावू नका, बफरमधी (कोअरच्या भोवतालच्या पट्ट्यात) पण वाघ फिरतो, पहाटे तुम्ही लोटा घेऊन उतरलात तर...

उदगीरकर
तर लोटा सापडल.

रानबोका (संभाजीनगर)
मी तीन वेळा बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर बसलोय, ज्याला आता निसर्गानुभव म्हणतात. पाणवठ्याच्या वर मचाण, हातात तक्ता, चांदण्यात जे पाण्यावर येईल ते लिहायचं. एका वर्षी रात्रभरात नऊ रानडुकरं, एक साळिंदर, दोन सांबर, आणि साडेबाराच्या नंतर माझ्या जोडीदाराचं घोरणं. खाली उतरायची परवानगी नाही त्यामुळं संध्याकाळी सहानंतर पाणी पिऊ नका हा माझा सल्ला. पण खरं सांगतो, साळिंदर जवा पाण्यावर आलं आणि त्याच्या काट्यांचा खुळखुळ असा आवाज आला ना, तो मी अजून विसरलो नाही. मास्तरांनी जावंच.

सांख्यिकी_नको_रे
जावं, पण त्याला गणना म्हणू नका हो. तेच डुक्कर दोन पाणवठ्यांवर आलं की दोनदा मोजलं जातं. वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅपवर. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात वाटेच्या दोन्ही बाजूला समोरासमोर कॅमेरे, कारण डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. दर चार वर्षांनी देशभर हे होतं. महाराष्ट्राचा आकडा २०१८ ला ३१२ होता, २०२२ ला ४४४ झाला, तो असा आलाय, मचाणावर टिपणं घेऊन नाही.

रानबोका (संभाजीनगर)
मी गणना म्हटलंच नाही, निसर्गानुभव म्हटलं. वाचत जा.

सांख्यिकी_नको_रे
तुमच्या पहिल्या ओळीतला 'तक्ता' वाचून लिहिलं.

बीट_मदतनीस
मंडळी भांडू नका. घरात वनखात्याची नोकरी आहे, कोणाची आणि कुठं ते विचारू नका. बाहेरून येणाऱ्या दहा स्वयंसेवकांपैकी नऊ जणांना वाघ बघायचा असतो आणि फोटो पाहिजे असतो, ते दोन दिवसात कळतं. खरी गरज काय असती सांगतो. कॅमेऱ्याच्या कार्डांवर हजारो फोटो येतात, त्यातले निम्म्याच्या वर वाऱ्यानं हललेलं गवत, गायी, मोहफुलं वेचायला आलेल्या बाया, आमचेच वनमजूर. ते एकेक बघून वेगळे करायला बसायला माणूस नसतो. मास्तर लोकांना पेपर तपासायची सवय असती, हे त्यांच्यासारखंच काम आहे. दुसरं, फेब्रुवारी ते जून आगीचे दिवस. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) आधीच काढलेल्या असतात, पण त्यांच्यावर पडलेला पाला परत-परत झाडावा लागतो, उन्हात. तिसरं म्हणजे गर्दी. गावात विहिरीत बिबट्या पडला की पिंजरा, खाट, दोर सगळं येतं, पण आधी हजार माणूस येऊन कठड्यावर बसलेलं असतं. बिबट्या काढायला एक तास आणि माणसं हटवायला पाच तास. तिथं ज्याचा आवाज खणखणीत आहे आणि ज्याला गाव मान देतं असा माणूस सोन्यासारखा. ताडोबाभोवती गावातल्याच पोरांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत ती हेच करतात. बाहेरच्या जिल्ह्यातला पाव्हणा तिथं जाऊन कोणाला हटवणार, त्याला कोणी ओळखत पण नाही.

तूरडाळ (जिंतूर)
एवढं वन्यप्राण्यांची सेवा सेवा चाललंय म्हणून विचारतो, आमची सेवा कोण करणार? माझी चार एकर तूर आहे, रात्री रोह्यांचा (नीलगायींचा) कळप येतो आणि डुकरं येतात, शेंगा भरायच्या टायमाला मी थंडीत माचुलीवर बसतो पत्र्याचा डबा वाजवत, माझा पण निसर्गानुभवच की तो, बारा महिने पौर्णिमा. नुकसान झालं की तीन दिवसात कळवा, मग पंचनामा, मग सातबारा, मग फोटो, मग बँकेचं पासबुक. बापाला लिहायला-वाचायला येत नाही, मी शेतात, अर्ज कोण भरणार. मास्तर तुम्ही ताडोबात गवताचे फोटो निवडण्यापेक्षा आमच्या गावात चार दिवस गाडी लावा आणि अर्ज भरून द्या.

उदगीरकर
ह्याला म्हणतात रोखठोक.

निवृत्त_मास्तर (परभणी)
तूरडाळ, तुझं लागलं मनाला. पण खरं सांगू का, मला लहानपणापासून एकदा तरी जंगलात राहायचंय. शाळेच्या सहली आपल्या कायम वेरूळ-अजिंठा-दौलताबाद. ह्याच्यात माझा स्वार्थ आहे हे कबूल करतो.

गोदाकाठ (पैठण)
स्वार्थ असू द्या मास्तर, त्याच्याशिवाय कोण पहाटे उठतं. पण मला एक कळंना झालंय, सगळे ताडोबा-ताडोबा का करायलेत. मराठवाड्यात नॅशनल पार्क एकपण नाही हे खरं आहे. पण कन्नडजवळ गौताळा आहे, आमच्या इथं नाथसागराचं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, दोन्ही १९८६ ची. बीडमधी पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवमधी येडशी रामलिंग. गेल्या हिवाळ्यात माझ्या गावाच्या काठावर रोहित पक्षी उतरले होते, गाळात डोकं खाली करून एका लायनीत चालतात, बघायला मी आणि दोन म्हशी.
आणि वाघाचंच म्हणाल तर २०१९ ला यवतमाळकडच्या तिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, हिंगोलीच्या शिवारातून फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, पाच महिन्यात १३०० किलोमीटर. २०२१ ला एक गौताळ्यात येऊन थांबला. २०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंगला एक दिसला, तो पण तिपेश्वराकडचाच. वाघ तिकडून पायी आपल्याकडं यायलेत आणि मास्तर गाडी विकत घेऊन तिकडं निघालेत.

चहा_कमी_साखर
वाटेत भेट होईल की. वाशिमला चहाला थांबा.

गारगोटी_२२
काका मी बावीस वर्षाचा आहे, मला पण करायचंय. आमच्या इथल्या सर्पमित्राकडून साप पकडायला शिकलं तर चालेल का? तो नाग गळ्यात घालून रील टाकतो, लई फॉलोअर आहेत.

बीट_मदतनीस
नाही. नाही. नाही. सापाला पकडणं, अडकवून ठेवणं, त्याचे खेळ करणं कायद्यात बसत नाही, आणि नाग चावला तर फॉलोअर येत नाहीत, अँटीव्हेनम लागतं. साप दिसला तर लांब उभा राहून नजर ठेव आणि १९२६ ला फोन लाव, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे. तुझा उत्साह चांगला आहे, माझ्याकडं कार्डं आहेत, निवडायला ये.

गारगोटी_२२
गवताचे फोटो 😐

कोपी_ते_कॉलेज (पाटोदा)
हा धागा मी चार दिवस गप वाचत होते. गाडीत संसार टाकून सहा महिने रानात राहायचं ही तुमच्यासाठी नवी आयडिया असंल, आमच्या भागात दसरा झाला की हेच असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत पीठ, भांडी, लेकरं, कोंबड्या भरायच्या आणि कारखान्याला जायचं, तिथं उसाच्या फडाजवळ कोपी (झोपडी) करून राहायचं. बीडची लाखो माणसं जातात. मी आठवीपर्यंत अशीच राहिले. आम्हाला संडासचा प्रश्न कोणी विचारला नाही.
राग म्हणून नाही लिहीत. एक आठवण आहे. मी नऊ वर्षाची असताना तोडताना उसात तीन पिल्लं सापडली, सगळे म्हणाले बिबट्याची, बायांनी कोयते टाकून पळ काढला. वनखात्याचा माणूस आला, म्हणाला ही रानमांजराची आहेत. त्यानं ती टोपल्यात ठेवून त्याच जागेवर तसाच थोडा ऊस उभा ठेवायला लावला आणि सगळ्यांना लांब घालवलं. मुकादम चिडला, की एवढा ऊस कोण तोडणार. सकाळी टोपलं रिकामं होतं, आई घेऊन गेली होती. मी दादाला विचारलं की ती मांजर आता कुठं राहणार, ऊस तर आपणच तोडायलोत. दादा म्हणला पुढच्या फडात. म्हणजे आमच्यासारखंच.
मास्तर, नायगावला या. आमचं घर अभयारण्याच्या जवळच्या गावात आहे, अंगणात लिंबाचं मोठं झाड आहे, गाडी मावती. मोर तुम्हाला झोपू देणार नाहीत एवढं सांगते.

रानबोका (संभाजीनगर)
ताई, हे वाचून गप बसलो थोडा वेळ.

डिझेलवाला (वाळूज)
लिंबाखाली गाडी, म्हणजे एसीचा विषय संपला.

तूरडाळ (जिंतूर)
ताई तुमच्याकडं पण विहिरींना कठडे नसतील. आमच्या शिवारात गेल्या उन्हाळ्यात एका पडीक विहिरीत कोल्हा पडला, पाण्याच्या वासानं येतात आणि गवतात काठ दिसत नाही. दोन दिवस आवाज येत होता म्हणे, मला कळलं तवा उशीर झाला होता. मी डुकरांना शिव्या देतो पण ते बघवलं नाही.

कळमनुरीची_लेक
नमस्कार. मी वर ज्यांना 'मंडळी' म्हटलंय ती. मुलीनं लिंक पाठवली तेव्हा कळलं की माझा संडास गावभर चर्चेला आहे. ह्या माणसानं ३२ वर्षं जनगणना केली, मतदार याद्या केल्या, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आयुष्यभर माणसं मोजली आणि आता जनावरं मोजायला निघालेत. मला कोणी विचारलेलं नाही. माझी कंबर दुखते, टेम्पोत चढायला तीन पायऱ्या आहेत. पण कोपी_ते_कॉलेज ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि मला तिच्याकडं जायचंय. गाडी विकत घ्यायची नाही, आधी कोणाचीतरी मागून न्यायची. कॅसेट ते रिकामी करतील. इथं लिहून ठेवते म्हणजे सगळे साक्षीदार.

उदगीरकर
साक्षीदार क्रमांक एक.

चहा_कमी_साखर
दोन.

सातासमुद्रापार (मूळ लातूर)
तीन. इथून व्हिडिओ कॉलवर पंचनाम्याला हजर राहीन.

निवृत्त_मास्तर (परभणी)
मंडळी, वीस-बावीस दिवसांनी आलोय, नायगावचा वृत्तांत देतो. भाच्याची मालाची छोटी गाडी नेली, मागं गादी टाकून. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी जाऊन भेटलो, अर्ज दिला, आधार कार्डाची झेरॉक्स दिली. साहेब म्हणाले आत राहायचं नाही, सूर्य मावळायच्या आत बाहेर, आणि एकट्यानं फिरायचं नाही. मान्य केलं.
पहिल्या रात्री पंखा आणि छोटा फ्रिज दोन्ही एका बॅटरीवर लावले (डिझेलवाला, हसू नका) आणि अडीच वाजता सगळं बंद. डास. चार वाजता मोर सुरू झाले. मला वाटायचं मोर म्हणजे ते कवितेतलं काहीतरी, तो तर पिंपळाच्या शेंड्यावर बसून कोणाचा तरी गळा दाबल्यासारखा ओरडतो, आणि एकानं सुरू केलं की टेकडीपलीकडचा उत्तर देतो, मग तिसरा. उजाडेपर्यंत मी आकडा ठेवला, तेवीस हाका. सांख्यिकी_नको_रे, मला माहीत आहे की तोच मोर दोनदा मोजला असंल.
आमची मंडळी पहिल्या रात्रीपासून ताईंच्या आईजवळ बाजेवर झोपल्या. त्यांचं दोघींचं येसराच्या आमटीवरून जमलं, मी गाडीत एकटा. म्हणजे मोटारहोममधी राहिलो असं मी एकटाच म्हणू शकतो.
आत दोन दिवस पाणवठ्यातला पाला-गाळ काढायला वनमजुरांबरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. प्राणी म्हणाल तर चिंकाराची एक जोडी, लांबून, आम्ही बघितलं की त्यांनी बघितलं आणि ते गेले. मग तूरडाळचं डोक्यात होतं म्हणून ताईंच्या भावाला बरोबर घेऊन गावाच्या शिवारातल्या विहिरी बघत फिरलो. सतरा विहिरी, त्यातल्या अकरांना कठडा नाही, चार पडीक, एकीवर बाभूळ इतकी वाढलेली की मीच पडलो असतो. जनगणनेसारखा तक्ता केलाय, गट नंबर, मालकाचं नाव, खोली, पाणी आहे का. मालक लोक सुरुवातीला म्हणाले तुम्ही कोण, पण 'मास्तर' म्हटल्यावर चहा आला.

बीट_मदतनीस
तो तक्ता तिथल्या वनपालाकडं द्याच, आणि एक प्रत ग्रामपंचायतीला. विहिरीत पडलेलं जनावर निघायचं तर फळी किंवा लाकडाचा ओंडका सोडून ठेवला तरी ते त्याला धरून तरंगतं आणि आमची माणसं पोचेपर्यंत वेळ मिळतो. अकरापैकी पाण्याच्या किती?

निवृत्त_मास्तर (परभणी)
सात. ओंडके मिळतील. कठड्याचं मात्र कळंना, बांधकामाला पैसे कोण देणार. सध्या गोल लोखंडी जाळी टाकावी का चारही बाजूला काट्याचं कुंपण?

डिझेलवाला (वाळूज)
जाळी चोरीला जाईल. भंगारात वजनावर जाती. काटे टाका, आणि मोठ्या विहिरीभोवती ट्रकचे जुने टायर अर्धे पुरून लावा, माझ्याकडं पडलेत पन्नासेक. गाडीभाडं तुमचं.

तूरडाळ (जिंतूर)
भाडं अर्धं माझं. पण परत जाताना टेम्पो आमच्या गावावरून न्या, तेरा अर्ज भरायचे राहिलेत.

कळमनुरीची_लेक
येताना दोन मच्छरदाण्या आणि माझी उंच खुर्ची घ्या, घरच्या अंगणात विसरली. मी इथंच आहे, पंधरा तारखेनंतर येईन.

चहा_कमी_साखर
आणि कॅसेट?

कळमनुरीची_लेक
त्यांनीच. चार वेळा.